सागबाबांचं न बांधलेलं घर

फळीवरून नुसता तळहात फिरवून आमचे सागबाबा सांगत, हे झाड मुरबाडच्या रानातलं की शहापूरच्या. गाठ कुठे दडली आहे, तेही त्यांच्या हाताला कळे. ते सुतार होते. खरं नाव वेगळं. पण सागाचं वेड असं, की ठाण्याच्या खाडीकाठची आमची सगळी ख्रिस्ती वस्ती त्यांना सागबाबाच म्हणे. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी राहायला आले.

स्वतःचं घर बांधण्यासाठी वीस वर्षं ते लाकूड जमवत होते. कल्याणच्या बंदरात चांगला साग उतरला की पोटाला चिमटा घेऊन एखादा वासा, एखादी फळी आणत. ती ठेवायला त्यांनी कौलारू पडवी बांधली होती. स्वतः मात्र पेंढ्याच्या झोपडीत राहत. त्यांची बायको मारीबाय गळक्या छपराखाली चूल इकडून तिकडे सरकवी. मी काही बोलले की बाबा म्हणत, "घर एकदाच बांधायचं असतं, पोरी. घाई करील तो सुतार नव्हे."

देवळातली रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, आटोपली की ते एकेक फळी उलटून पुसत. लोभावर प्रवचन झालं की सर्वांत जोरात मान यांची डोले. ते सावकारांबद्दल आहे, अशी त्यांची समजूत! त्याच सुमारास धाकू कोळ्याने होडीच्या डागडुजीला हातभर तुकडा मागितला होता. बाबांनी दिला नाही. "माझ्या घरातलं भोक कोण बुजवणार?" म्हणाले.

मग एका आषाढात पटकीची साथ आली. चार दिवसांत वस्तीत आणि शेजारच्या कोळीवाड्यात घरोघरी माणसं गेली. गावातलं सगळं लाकूड भिजून चिंब. चिखलात गाड्या अडकलेल्या. एका सकाळी धाकू बाबांच्या अंगणात येऊन उभा राहिला. डोक्यावर काही नाही, अंगावरून पाणी ओघळतंय.

"बाबा, बायको गेली माझी. चिता दोनदा पेटवली. जलत नाय."

एवढंच बोलला. मागितलं काहीच नाही. बाबा पडवीकडे बघत राहिले. मग वळून बायकोला म्हणाले, "मारी, घर तुझं हाय. तू बोल."

मारीबायने हातातलं गळतीचं भांडं खाली ठेवलं. "मना काय विचारता? तिला तिथं तशी टाकून मी कंच्या घरात झोपू?"

बाबांनी कुऱ्हाड उचलली. त्यांनीच पारखून आणलेला साग त्यांनीच फोडला. पहिला घाव घालताना त्यांच्या तोंडून निघालेला आवाज मी कुंपणापलीकडून ऐकला. तसा आवाज मी पुन्हा कुणाचा ऐकला नाही. त्यानंतर जो आला त्याला लाकूड मिळालं. हिंदूंच्या चितेला वासे, आमच्या माणसांना पेट्या. चटईत गुंडाळून पुरायचीच ऐपत असलेले मजूर सागाच्या पेटीतून गेले. पाद्रीबाबा सर्वांसमोर त्यांचं दातृत्व वाखाणू लागले, तेव्हा सागबाबा मध्येच उभे राहिले. "दिलं म्हणू नका, पाद्रीबाबा. वीस वरसं अडवून ठेवलेलं, ते सोडलं."

साथ ओसरत असताना माझा नवरा गेला. पडवी तोवर रिकामी झालेली. बाबा आले ते खांद्यावर एक रुंद, काळसर फळी घेऊन. तशी फळी मी कधी पाहिली नव्हती. टेकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उंबऱ्यासाठी ठेवली होती. सगळं दिलं सांगितलं, आन् ही खाटेखाली लपवली. तीन पेट्या झाकणाशिवाय गेल्या, पोरी, आन् मी हिच्यावर झोपलो." तो म्हातारा माझ्या अंगणात बसून रडला. मग डोळे पुसून त्याने माझ्या नवऱ्याच्या पेटीचं झाकण केलं. एवढा मोठा माणूस मी पाहिला नाही. आणि तो मला त्या दिवशी दिसला, आधीच्या दानांमध्ये नव्हे.

घर त्यांनी पुन्हा मनावर घेतलंच नाही. त्याच झोपडीत काही वर्षांनी गेले. त्यांना पोचवून आम्ही परतलो. मारीबाय दारात एकट्या बसल्या होत्या. माझ्या घरात दोन खोल्या होत्या. एक नवरा गेल्यापासून मी बंद ठेवली होती. बहिणीने मागितली तरी उघडली नव्हती. मी म्हटलं, "मावशी, चला माझ्याकडे."

"तुझ्याकडं जागा हाय का गो?"

मी त्यांच्या झोपडीत गेले, त्यांचं गाठोडं बांधलं, काखेत मारलं आणि दुसरा हात त्यांच्यापुढे केला.