उत्तर: आनंदाने

समस्त वाचकहो, जरा सावरून बसा. उतारा न वाचता त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं देण्याची महाविद्या शहापुरात अवतरली आहे. भाचीला मुरबाडहून स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला सोडायला आलो आणि पंख्याच्या लोभाने मागच्या बाकावर बसलो, म्हणून हा चमत्कार मला बघायला मिळाला.

"आधी प्रश्न बघा," सर म्हणाले. "मग उताऱ्यात तेवढाच शब्द शोधा, खूण करा, पुढे पळा."

सगळे पळाले. माझ्या शेजारची पस्तिशीतली बाई मात्र ओळीखाली बोट धरून धरणावरचा उतारा अख्खा वाचत होती. वयाची अट बघता तिची ही शेवटची संधी होती, तिनेच तसं सांगितलं होतं. वाचता वाचता तिच्या नाकपुड्या फुगत गेल्या.

"दादा, आमचं घर अशाच धरणात गेलं," ती पुटपुटली.

प्रश्न होता, गावकऱ्यांनी धरणाचं स्वागत कसं केलं?

"आनंदाने," सर म्हणाले. "उताऱ्यात दिलंय. स्वतःचं डोकं चालवलंत तर मार्क जाईल. ताई, तुमची खूण कुठाय?"

सरांच्या युक्तीचं मर्म मला तेव्हा कळलं. अख्खं वाचलं की राग येतो, आणि रागात फार वेळ जातो.

तिने खूण केली, ती इतकी दाबून की कागद फाटला. ती उभी राहिली.

"केली खूण, सर. आता पाड्यावर टँकर नाय आला, की रिकामा हंडा घरी न्यायचा, तो पन आनंदानंच ना?"