कोपऱ्यातला ड्रम

आमच्या गावात पोहता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यांत मी नाही. आजही नाही. कर्जत तालुक्याच्या अगदी टोकाला, भीमेच्या फुगवट्याच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाण्याची भीती वाटते म्हटल्यावर पाहुणे हसतात. हसू देत. आमच्या आधीच्या पिढीनं पाणी पाहिलं ते विहिरीच्या तळाशी. धरण झालं आणि तेच पाणी शिवारात येऊन बसलं. नांगर धरणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, तुम्हाला नाव चालवता येते का.

फुगवट्याचा एक फाटा ओढ्यातून आत शिरला होता. त्याच्या पलीकडे ऊस होता आणि उसात बायकांना खुरपणीचं काम मिळायचं. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडायचा. पाण्यावरून मात्र हाक मारली की पलीकडे ऐकू जायची. म्हणून गावानं एक तराफा केला होता. बारा रिकामे ड्रम दोन रांगांत आडवे ठेवलेले, त्यांच्यावर लोखंडी अँगलची चौकट आणि चौकटीवर बाभळीच्या फळ्या. या काठापासून त्या काठापर्यंत तारेचा दोर ताणलेला होता. एक म्हातारा तो दोर हातानं ओढत तराफा पलीकडे न्यायचा. पूर्वी तो मेंढरं राखायचा. सगळे त्याला आबा म्हणत.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या गावठाणाच्या भिंती काठाशी वर यायच्या आणि तराफा त्यांच्यावर आदळायचा. ड्रम चेपले होते. नव्वद सालानंतरच्या अशाच एका उन्हाळ्यात एका बाईचं पाऊल तराफा आणि दगड यांच्यामध्ये सापडलं. तेव्हा ठरलं, की तराफ्याला चारी बाजूंनी जुने टायर लावायचे, म्हणजे धक्का टायर खाईल. ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांचे झिजलेले टायर घरोघरी पडलेले होतेच.

मी तेव्हा आयटीआय करून स्टँडपाशी वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. ट्रॉल्या, टायरगाड्या, फार तर एखाद्या दारापुढचं फाटक, एवढंच काम यायचं. आम्ही बौद्ध वस्तीतले. गावाचं सामाईक काम वस्तीतल्या माणसाकडे मानानं चालत येण्याची ती पहिलीच वेळ. सरपंच स्वतः दुकानावर आले आणि बाकड्यावर बसून चहा प्यायले. मी हवेतच होतो. आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"चांगलं कर," ती म्हणाली. "तुझ्या कामाला नाव ठिवलं, तर ते तुला एकट्याला न्हाई ठिवायचे."

वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई रोज त्याच तराफ्यावरून खुरपायला जायची.

आता माझी चूक सांगतो. अँगलची चौकट वर होती आणि धक्का बसायचा खाली, ड्रमांना. चौकटीपासून खाली लोखंडी पट्ट्या काढायच्या आणि त्यांना टायर अडकवायचे, हा खरा मार्ग. पण ट्रॉल्या बनवणाऱ्याला पत्रा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. ट्रॉलीला दोर बांधायला आम्ही थेट पत्र्यावर कड्या मारतो, तशाच मी ड्रमांवर मारायच्या ठरवल्या. काठावर जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ते सगळे ट्रॉलीवालेच. एखादा नाव बांधणारा तिथे असता, तर त्यानं माझ्या कानाखाली आवाज काढला असता.

मला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. ड्रम डिझेलचे होते. अशा रिकाम्या ड्रमला ठिणगी लागली तर तो फुटतो, हे आमच्या सरांनी आम्हाला घाबरवून घाबरवून सांगितलं होतं. म्हणून तराफा काठावर ओढून घेतला आणि मोटारीचा पाइप लावून बाराही ड्रम पाण्यानं गच्च भरले. तरी पहिल्या कडीला रॉड टेकवण्याआधी मी सगळ्यांना लांब उभं केलं. एक कडी झाली, दोन झाल्या, काही फुटलं नाही. मग हात चालायला लागला, आणि त्याच्याबरोबर तोंडही.

शेवटचा ड्रम कोपऱ्यातला. त्याचा पत्रा गंजून पातळ झालेला होता. कडी बसली, मी तोंडासमोरची काच बाजूला केली, तर कडीच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब. बोटानं पुसला. पुन्हा आला. पत्र्याला सुईएवढं भोक पडलं होतं. रॉडचा एक ठिपका देऊन ते बुजवणार, तोच लाइट गेली.

लाइट आता उद्याच येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मागे लोक टायर घेऊन उभे होते, नारळ आणलेला होता. ड्रममधलं पाणी नळी लावून काढायलाही सुरुवात झाली होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की एक दिवस थांबा, माझ्या हातून भोक पडलंय. ते म्हणालो नाही. डब्यात डांबर होतं, ते बोटानं भोकावर फासलं आणि वरून टायर अडकवला. नारळ फुटला. सरपंचांनी पाठ थोपटली, आणि ती थाप मला शिवीसारखी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा बायका तराफ्यावर चढल्या, त्यांत आई. ती नेमकी त्या कोपऱ्यात, त्या ड्रमावर जाऊन बसली. तराफा पलीकडे लागेपर्यंत मी काठावरून हललो नाही. मग दुकानात आलो, तर एकाच्या ट्रॉलीला कडी उलटी मारून ठेवली.

त्या रात्री ठरवलं, सकाळी सांगायचं. सकाळी पाना घेऊन आधी काठावर गेलो आणि ड्रम वाजवून पाहिले. अकरा खणखणीत वाजले. कोपऱ्यातला बद्द बोलला. म्हणजे पाणी शिरलं होतं. तराफा दगडावर आदळला की टायर कडीला हिसका देत असणार आणि डांबर सुटत असणार. आबानं मला पाहिलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, कड्या घट्ट आहेत का बघतोय. त्यानं काठावर जमलेल्या बायकांना, आईही त्यांत होती, कौतुकानं सांगितलं, की पोरगं काम झाल्यावरही चक्कर मारतंय. त्यानंतर तोंड उघडणं आणखीच अवघड झालं.

चौथ्या दिवशी तराफा त्या कोपऱ्याला झुकलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आबा म्हणाला, टायरांचं वजन. एक बाई म्हणाली, टायरात पाणी साचतं. दुसरी एका जाड बाईकडे बघून काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. प्रत्येकाकडे कारण होतं, फक्त खरं कारण तेवढं माझ्याजवळ. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मी त्या दिवसांत भोगलं. जेवण जात नव्हतं. डोळा लागला की आई पाण्याखाली दिसायची, हातात खुरपं तसंच धरलेलं. रोज वाटायचं, आज सांगतो. रोज आई त्याच कोपऱ्यात बसून जायची आणि मी दुकानाकडे वळायचो.

पाचव्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला. मी दुकान उघडं टाकून काठावर आलो, तर तराफा निम्म्या वाटेत होता. बायकांनी येताना गवताचे भारे आणले होते आणि ते नेमके त्या कोपऱ्यात रचले होते. भाऱ्यांना टेकून आई बसलेली. त्या बाजूचे टायर पाण्याखाली गेलेले आणि फळीवरून पाणी आत येत होतं. आबा दोर ओढत होता, पण तराफा पुढे सरकण्याऐवजी त्या कोपऱ्यावर वळत होता.

"आबा, कोपऱ्यातला ड्रम भरलाय," मी ओरडलो. "भारे पाण्यात ढकला. सगळ्यांला मधी घ्या."

बायका दचकून एकदम उठल्या आणि तराफा आणखी कलला. मला वाटलं, आता गेल्या. आबानं दोर न सोडता एक करडी शिवी हासडली, त्यासरशी त्या खाली बसल्या आणि बसूनच मध्ये सरकल्या. आईनं एकेक भारा ढकलला, मग सगळ्यांच्या शेवटी ती मध्ये आली. फळीवरचं पाणी ओसरलं. तराफा इंचाइंचानं काठाला आला, आणि मी छातीएवढ्या पाण्यात कधी उतरलो होतो ते मला आठवत नाही.

सगळ्या उतरल्यावर आबानं विचारलं, "ड्रम भरलाय हे तुला कसं ठावं?"

"मीच भोक पाडलंय," मी म्हणालो. "टायर लावले त्याच दिशी."

एक बाई खाली बसून रडायला लागली. तिचं तान्हं घरी होतं. एक जण मागून पुटपुटला, की म्हणून यांच्याकडं काम देऊ नये. ते माझ्या कानावर पडलं आणि आईच्याही. ती ओलं लुगडं पिळत घराकडे चालू लागली.

पुढे दोन दिवस खपून मी ड्रमांवरच्या सगळ्या कड्या कापल्या, कोपऱ्यातला ड्रम बदलला, बाकीच्यांत पाणी भरून कापलेल्या जागा पत्र्यानं नीट सांधल्या. चौकटीपासून पट्ट्या खाली काढून टायर त्यांना टांगले. बाराही ड्रम पाण्यानं भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी एकेक कोरडा आहे ना ते हात फिरवून पाहिलं. तराफा पाण्यात सोडला. बायका खुरपी घेऊन काठावर उभ्याच राहिल्या. आबा बोलावत होता, कुणी पाय उचलेना.

आई पुढे झाली, फळीवर चढली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी ये."

मी गेलो. त्याआधी मी कधीच त्या तराफ्यावर बसलो नव्हतो. आम्ही तिघंच: आबा दोर ओढत, मी चौकटीला दोन्ही हातांनी धरून, आणि आई त्याच कोपऱ्यात. निम्म्या पाण्यात आल्यावर ती हळूच बोलली, आबाला ऐकू जाऊ नये अशी.

"त्या दिशी तू पान्यानं ड्रम वाजवून बघत हुतास, ह्यो बद्द बोलला, तवाच मी वळाकलं. म्हून त्या ड्रमावर दुसऱ्या कुनाच्या लेकीला बसू देत न्हवते."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तू बोलशील म्हून वाट बघत हुते," ती म्हणाली. तिनंही चौकट दोन्ही हातांनी धरली होती, आणि काठ लागेपर्यंत ती सोडली नाही.