अंगठा दिला आन् आवाज गेला

मंडळी, ही आजी बोलतेय आन् नात टाइप करतेय. बोलतेय म्हणजे नुसती कुजबुजतेय. तीन महिन्यांपूर्वी गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, तेव्हापासून आवाज फुटत न्हाई. चहाचा घोट घेतला की ठसका लागतो. शेळ्या हाकेला येईनात. म्हातारा तेवढा खूश हाय.

घरचे म्हणाले, घसा बसलाय, ज्येष्ठमध चघळ. चघळून चघळून उरलेले दात झिजले.

आज लेकासंगं वरवंडहून दौंडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घातला. "आजी, 'ई' म्हणा." टीव्हीवर आवाजाचे दोन पडदे दिसले. एक हलत होता, दुसरा लुळा पडलेला. गाठीला लागून आवाजाची नस असते, ती ऑपरेशनात दुखावली म्हणे.

"हे आधी कुणी सांगितलं न्हाई!"

बाईंनी ऑपरेशनची जुनी फाईल उघडली. "लिहिलंय की आजी, आवाज जाऊ शकतो. खाली तुमचा अंगठा आहे."

मी लेकाकडं बघितलं. ऑपरेशनच्या दिवशी मी विचारलं होतं, "बाळ्या, काय लिवलंय?" मोबाईलमधून मान न काढता हा म्हणाला, "काय न्हाई गं आई, फॉर्मालिटी हाय. लाव अंगठा."

आवाजाचे व्यायाम दिलेत, किती परत येतोय बघू. पण मला अक्षर कधी नव्हतंच, होता तो आवाज. आता लेकावर ओरडायचंय आन् ओरडता येत न्हाई.

म्हणून इथं ओरडतेय. तुमच्या घरातल्या अंगठेबहाद्दर म्हातारीला कागद वाचून दाखवता, का नुसती शाई लावता?