सत्यभामाबाईंच्या गाण्याला तंबोरा निवडताना

अमरावतीला अंबादेवीच्या रस्त्यावर गोवर्धन होले यांचं हारफुलांचं दुकान आहे. बाकीचे फुलवाले टोपल्यात हात घालून मुठीने झेंडू उचलतात. गोवर्धनराव एकेक फूल उजेडात धरून पाहायचे. पाकळी मागे वळलेली दिसली की फूल बाजूला. देठ काळा पडला की बाजूला. काहीच खोट सापडली नाही तर ते फूल जरा जास्तच वेळ धरून ठेवायचे, कारण त्यांना संशय यायचा. लग्नाचा हार न्यायला आलेला नवरदेवाचा काका स्टुलावर घामाघूम होऊन बसलेला असायचा.

"काकाजी, वरात निघाली ना आमची!"

"निघू द्या. हार तं अजून माया हातात हाय. बिनाहाराचं लगन कोन लावते?"

हार मात्र असा व्हायचा की नवरीपेक्षा लोक हाराकडेच पाहत. गावात नाव होतं. घरात त्याच गुणाचं नाव वेगळं होतं. त्यांच्या बायको सत्यभामाबाई कुणालाही सांगायच्या, "मले पाह्यले हे दोनदा आले. एकदा मले पाहून गेले, अन् मंग आनखी काही बरं भेटते का, ते पाहून पुन्हा आले. नाई भेटलं, म्हनून मी इथं हाय."

मुलगा रोहित हाताशी आल्यावर त्याने वडिलांना मोठ्या प्रेमाने दुकानातून काढलं. हात रिकामे झाले. तरुणपणी भजनी मंडळात पेटी वाजवायचे, ती हौस वर आली. अकोल्याचा कुलदीप हा सत्यभामाबाईंच्या बहिणीचा मुलगा. तिथे त्याची गाणी भरायची खोली आहे. निवडणुकीच्या जाहिरातींपासून देवीच्या आरत्यांपर्यंत सगळं तिथे तयार होतं. त्याने काकांना एक लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड आणि एक माइक लावून दिला आणि जाता जाता सांगितलं, "काकाजी, आता वाजवनारे शोधत फिरायची गरज नाई. लायब्रऱ्या भेटतात. तबला, सनई, तंबोरा, सगळ्या दुनियेची वाद्यं. फक्त निवडायचं."

फक्त निवडायचं! बुडत्या माणसाला विहीर दाखवावी, तसं झालं.

"कायची लायब्ररी?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "पुस्तक नाई, कपाट नाई."

"अवं, खऱ्या मानसानं खरं वाद्य वाजवलेलं असते. एकेक सूर वेगळा वेगळा भरून ठेवलेला. हळू वाजवलेला, जोरात वाजवलेला. आपन बटन दाबलं का तो वाजते."

"म्हंजे लोनचं."

गोवर्धनरावांनी कानाला हेडफोन लावला.

सत्यभामाबाई दर्यापूरकडच्या. भुलाबाईची गाणी त्यांना आजीकडून आली होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत साईनगरातल्या पोरी-बाया त्यांच्याच अंगणात जमायच्या, कारण दुसऱ्या कुणाला दोन-चार गाण्यांपुढे येत नव्हतं आणि यांचं महिनाभर एक गाणं पुन्हा येत नव्हतं. सासूची, नणंदेची, नवऱ्याची सालं काढणारी गाणी. आवाज खणखणीत. फाटकातून हाक मारली तर पुढच्या गल्लीत वळलेला भाजीवाला गाडी घेऊन उलटा यायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण काढावी लागेल. आणि गळ्याचं काम आहे, आवाजावर परिणाम होऊ शकतो, कधीकधी कायमचा. दिवाळीपर्यंत थांबायला हरकत नाही.

घरी येताना ऑटोतच सत्यभामाबाई म्हणाल्या, "मंग माये गाने आधी भरून घ्या. माया मांगं कोनाले येत नाईत."

"अवं, हेच तं मी म्हनून राह्यलो होतो," गोवर्धनराव म्हणाले. ते असं काहीही म्हणत नव्हते. "तुया गान्याले असं म्युझिक देतो का दुनिया पाहीन."

रोहितने त्याच संध्याकाळी मोबाइल काढला होता. "आई, म्हन तू. मी भरतो."

"ठेव तो डबा," वडील ओरडले. "घरात एवढं सामान पडलं अन् मोबाइलात भरते! एकदा कच्चं भरलं का पक्कं होत नाई मंग."

रोहितने मोबाइल खिशात घातला. त्याला दुकानात जायचं होतं.

मग निवड सुरू झाली. पहिला तंबोरा. भारतीय लायब्रऱ्यांत तंबोरे पुष्कळ, परदेशी लायब्रऱ्यांतही पुष्कळ. एकाची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, जास्त खुललेली, एकाची बसलेली. एकात तार छेडणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. "याले सर्दी हाय," म्हणून गोवर्धनरावांनी तो बाद केला. टाळ ऐकता ऐकता आषाढ गेला. एका परदेशी कंपनीने आपल्या टाळांना बोटातल्या झांजा असं नाव दिलं होतं, सनईला लग्नाचा भोंगा, आणि देवळातला ढोल म्हणून जे दिलं होतं ते तेलाच्या पिंपासारखं वाजत होतं. टिपऱ्या तर कुठेच नव्हत्या. गुजरातचा दांडिया होता. गोवर्धनरावांनी दांडिया ऐकला आणि मान हलवली. "हे लाकूड आपलं नाई."

"मंग आमी वाजवतो ना टिपऱ्या! पोरी हायत, टिपऱ्या हायत. तुमी फक्त माइक धरा."

"तसं गावठी नाई पाहिजे."

"गानं गावठी हाय, मी गावठी हावो. टिपऱ्या काहून शेहरातल्या पाहिजेत?"

श्रावणात ते आफ्रिकेचे ढोल ऐकत होते. नंतर मंगोलियाचं घोड्याच्या केसांच्या तारांचं वाद्य सापडलं आणि त्यात त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला हाक मारून ऐकवलं.

सत्यभामाबाईंनी पदराला हात पुसत ऐकलं. "चांगलं हाय. पन माया ननंदेच्या गान्यात घोडा कुठून आला?"

भुलाबाईची मूर्ती बसली, महिनाभर अंगणात गाणी झाली, कोजागिरीला उठली. गोवर्धनराव आतच होते. बायकांचा गोंगाट माइकमध्ये शिरतो म्हणून त्यांनी खिडकीला गादी लावली होती. मधूनमधून सत्यभामाबाई दारात यायच्या. "झालं का तुमचं?" "आता तंबोरा दोनावर आला," ते सांगायचे. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद असायचा की त्या परत जायच्या. लग्नाच्या इतक्या वर्षांत हा माणूस दोनावर आलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

दिवाळी झाली. दवाखान्यात जायच्या सकाळी बॅग दारात होती. ऑटो यायचा होता.

"आता तरी भरून घ्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "एक तरी."

"अवं, तुया सूर तंबोऱ्याच्या खाली जाते. ते जुळवा लागन. घाईत नाई होत." मग समजावणीच्या सुरात, "गाठ निघाली का गळा मोकळा होईन. आनखी चांगलं म्हनशीन."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. दूध झाकून ठेवताना, डब्यांची झाकणं लावताना, मागच्या दाराची कडी घालताना त्या गायला लागल्या. मोठ्याने. एक गाणं झालं की दुसरं. कुणाला ऐकवायला नाही आणि कुणावर रागावूनही नाही. अंगणात म्हणायच्या तशाच. गोवर्धनरावांनी कानाचा हेडफोन काढला, उठले आणि मधलं दार लावून घेतलं. दोन तंबोऱ्यांतला फरक त्यांना त्या आवाजात कळत नव्हता.

ऑपरेशन उत्तम झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलेली गोष्ट घडली, एवढंच. सत्यभामाबाई बोलल्या की फाटक्या भात्यातून वारा जावा तसं यायचं. दोन-चार महिन्यांत सुधारेल म्हणाले. सुधारलं नाही. त्या फाटकात उभ्या राहून तोंड उघडायच्या आणि भाजीवाला वळून निघून जायचा. गाठलाच, तर भावात घासाघीस करता येत नव्हती, म्हणून तो सांगेल ते द्यायच्या. शेजारचे वामनराव गोवर्धनरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नशीबवान हायेस लेका तू! आमचीवाली तं झोपेतही बोलते." गोवर्धनरावही हसले. सत्यभामाबाई तिथेच चहा घेऊन उभ्या होत्या. त्याही हसल्या असाव्यात. आवाज आला नाही.

गोवर्धनराव वाईट माणूस नव्हते. त्यांना लागलं होतं. जेवण कमी झालं होतं. शेवटी ते एसटीने अकोल्याला कुलदीपकडे गेले आणि त्याच्या समोर खाली मान घालून बसले.

"काकाजी, टेन्शन कायले घेता?" कुलदीप म्हणाला. "आता गानारे बी भेटतात. शब्द टाका, चाल टाका, बाई गाते. मावशीचं काही भरलेलं असन तं आना. तसाच आवाज बनवून पाहू."

गोवर्धनराव उड्या मारत घरी आले. लॅपटॉप उघडला. महिन्यांमहिन्यांचं रेकॉर्डिंग होतं, तारीखवार. प्रत्येक वाद्य खोलीत कसं घुमतं ते पाहायला ते माइकमधूनही भरून घेत. माइकची चाचणी, तंबोरा, टाळ, घोड्याच्या केसांचं वाद्य. या सगळ्यात मधूनमधून बायकोचा आवाज आलाच असणार. "अवो, जेवाले चाला." "दुधवाला आला." कुठेतरी ओट्याशी गुणगुणणं. त्यांनी एकेक फाइल लावली. सगळ्या स्वच्छ. मग त्यांना आठवलं. दर रविवारी ते बसून निवडायचे, आणि जिच्यात बायकोचा आवाज शिरला ती फाइल खराब माल म्हणून काढून टाकायचे. मागे वळलेल्या पाकळीसारखी. फार नीट काम केलं होतं. एकही सुटली नव्हती.

रोहितच्या बायकोच्या मोबाइलात अंगणातली एक चित्रफीत निघाली. तिच्यात सगळ्या बाया एकदम ओरडत होत्या. "यातून मावशी नाई निघत," कुलदीप म्हणाला. "यादीतलीच एखादी बाई निवडा."

गोवर्धनरावांनी निवडली. किती दिवस लागले ते कुलदीपला विचारा. कोवळी नको, जाड नको, सिनेमावाली नको. शेवटी एक सापडली, गोड आणि मोकळी. सत्यभामाबाईंनी कागदावर गाणी लिहून दिली. घशातून येत नव्हती म्हणून लिहिली. त्यातलं पहिलं असं होतं:

नवरा माया, रंगानं काया,
उन्हात धाडते सासू, तिले नाई दया.

ती बाई हे नीट म्हणेना. 'माया'ला अडखळायची, 'काया' म्हणजे शरीर असावं असं गायची. कुलदीपने शब्द दुरुस्त केले. नवरा माझा, रंगाने काळा. आता बाई झकास गायली. यमक मोडलं होतं, पण तंबोरा इतका सुंदर लागला होता की गोवर्धनरावांनी ते जाऊ दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक खोट जाऊ दिली.

पुढच्या कोजागिरीला अंगणात मोठा स्पीकर लागला. पोरी-बाया जमल्या. गाणं सुरू झालं आणि कुणाच्या हातातली टिपरी हलेना, इतकं ते देखणं होतं. संपल्यावर टाळ्या पडल्या.

"काकू, ऑपरेशननं आवाज खुलला ना तुमचा!" वच्छलाबाई म्हणाल्या. त्या नव्याच राहायला आल्या होत्या.

सत्यभामाबाईंनी मान हलवली. नाही म्हणून हलवली होती. वच्छलाबाईंना ती लाज वाटली. गोवर्धनरावांनी खुलासा केला नाही. सगळ्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि ज्या नजरेने लोक त्यांच्या हारांकडे पाहायचे ती नजर त्यांना फार दिवसांनी दिसत होती.

"आबाजी, पुन्हा लावा!" नात खुशी ओरडली. रोहितची ही मुलगी दुसरीत आहे. दोन दिवस घरात वाजून वाजून तिला गाणं पाठ झालं होतं. ती पुढे उभी राहून म्हणायला लागली, "नवरा माझा, रंगाने काळा..."

सत्यभामाबाईंनी तिला जवळ ओढलं, कानाशी तोंड नेलं आणि होता नव्हता तेवढा वारा एकवटून म्हणाल्या, "माया... काया."

"काय?"

"माया. काया."

खुशीने मान मागे घेतली. "आजी, तू चुकली. गाण्यात तसं नाहीये." आणि मोठ्याने, "आबाजी, सांगा न आजीले! माझा आणि काळा हाय न?"

स्पीकर अजून बंदच होता. बाया हसत होत्या. सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कागदावरचं मूळ गाणं त्यांनी वाचलं होतं. त्या अंगणात शब्द बदलल्याचं माहीत असलेलं दुसरं माणूस तेवढंच होतं.

"हो बेटा," गोवर्धनराव म्हणाले. "गान्यात तसंच हाय." आणि त्यांनी बटण दाबलं.

तंबोरा लागला. त्याच्यावर ती गोड बाई आली, पोरींनी फेर धरला आणि खुशीने आजीचा हात धरून तिला आत ओढलं. सत्यभामाबाई फिरू लागल्या. पहिल्या वेळी त्या गप्प होत्या. दुसऱ्या वेळी ओळ आली तेव्हा नातीने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं, नीट म्हणतात की नाही ते. सत्यभामाबाईंचे ओठ हलले. माझा. काळा.