विझेल ते विझू दे

चुरी मॅडम एमआरआय बघायला स्क्रीनसमोर बसल्या की आधी चप्पल काढायच्या, देवळात काढतो तशी. बोईसरच्या आमच्या स्कॅन सेंटरात त्या रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर आणि मी मशीन चालवणारी टेक्निशियन. पहिल्या दिवशी मी गालातल्या गालात हसले, तर म्हणाल्या, "हसू नकोस. कुणीतरी आपलं आयुष्य उघडं करून ठेवलंय समोर." त्यानंतर हसायची माझी काय बिशाद!

मॅडम वाणगावच्या चिकूच्या वाडीत वाढलेल्या, पण गोडवा तेवढा वाडीतच ठेवून आलेल्या. उशीर झाला तर सोलून काढायच्या. स्तनांचा एमआरआय असला की मात्र आवाज खाली यायचा. म्हणायच्या, "हे मशीन फारसं काही लपवत नाही. पण बडबड्या माणसासारखं नसलेलंही सांगतं. ऐकून सगळं घ्यायचं, खरं काय ते आपण ठरवायचं."

गणपती उरकल्यावर तारापूरकडच्या मच्छीमार घरातली जयवंती आली. तिच्या उजव्या स्तनातल्या गाठीत कॅन्सर निघाला होता. तो गाठीपुरताच असेल तर स्तन वाचणार होता, पसरला असेल तर काढावा लागणार होता. कॅन्सर उजळून दाखवणारं औषध शिरेतून गेलं, आणि स्क्रीनवर दोन्ही बाजूंना ठिणग्याच ठिणग्या उजळल्या. आता दोन्ही स्तन जाणार, असंच मी धरून चालले.

मॅडमनी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग तशाच अनवाणी बाहेर जाऊन जयवंतीशेजारी बसल्या. पाळीची तारीख मी आधीच विचारली होती, ती तिने दिलीही होती. मॅडमनी विचारलं, "गौरी तुमच्याकडेच असतात ना? गोळ्या घेतल्या होत्यास?"

जयवंतीने नवऱ्याकडे पाहत पदर सारखा केला. "घेतल्या. गौरीत बाजूला बसून कसं चालंल? घरात दुसरं बाईमानूस नाय. पाळीचं इचारलं, गोळीचं कोनी इचारलंच नाय."

पाळी लांबवायच्या त्या गोळ्यांनी निरोगी भागसुद्धा असा उजळू शकतो. पाळी येऊन गेली की पुन्हा स्कॅन करू, असं मॅडमनी सांगितलं. नवरा म्हणाला, "आनि तवर गाठ वाडली तर?"

"वाढली तर चूक माझी. पण हिचं चांगलं अंग कापायला मी सांगणार नाही."

मधल्या दिवसांत मॅडमचा चहा टेबलावर गार होत राहिला. जयवंती पुन्हा मशीनमध्ये गेली तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "विझेल ते विझू दे." आणि खरंच, डावी बाजू शांत, उजवीही शांत. गाठ तेवढी उजळली, आणि तिच्या शेजारी तिळाएवढा एक ठिपका. सोनोग्राफीत तो दिसलाच नव्हता. तोही गोळीचाच असेल, मी म्हटलं. मॅडमनी मान हलवली. "नाही. हा खरं बोलतोय."

सर्जननी गाठीबरोबर तो ठिपकाही काढला. त्यातही कॅन्सर होता. स्तन वाचला. मी मॅडमच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. खरं-खोटं निवडणारी अशी नजर मी पुन्हा पाहिली नाही.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. यंदा गणपतीनंतर जयवंती मधल्या काळात लग्न होऊन घरात आलेल्या धाकट्या जावेला घेऊन आली. जावेला गाठ लागली होती. मी काही विचारायच्या आत जयवंतीच म्हणाली, "गोळी नाय घेतलेली तिने. गौर मी बसवली."

मी आत गेले, चप्पल काढली आणि मशीन सुरू केलं.