खाडीतली गोल कालवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचं-माझं काही देणं-घेणं नाही — आणि आता पोटात ठेवून ठेवून मी थकले आहे.

विषय ऐकून हसाल. कालवांच्या शिंपल्या! बेळगावच्या वडगावातल्या विणकराच्या घरात वाढलेली मी. मासळीवाली गल्लीत आली तरी आमची आई नाकाला पदर लावायची. तिथं समुद्र औषधालाही नाही. आणि मी एम.एस्सी.ला शिंपल्या मापत बसलेली.

कालवं दगडाला चिकटून वाढतात. गंमत अशी, की किनारा एकच असला तरी जागा बदलली की त्यांचा आकार बदलतो. उघड्या खडकावर, लाटांच्या माऱ्यात, ती पसरट आणि गोल होतात. खाडीच्या चिखलात एकमेकांना खेटून वाढतात तिथं लांबडी, अरुंद. तिघांच्या सीटवर पाच जण बसले की आपण नाही का अंग चोरून ताठ बसत? तसंच. पुस्तकात तरी असं होतं. आमचे सर म्हणाले, आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर खरंच तसं आहे का, बघून या.

आम्ही दोघी होतो. मी आणि सुनंदा. ती जांबोटीची, भातशेतीवाल्यांची पोर. वेंगुर्ल्याकडची बाजू माझी, कारवारकडची तिची. पण एकट्या पोरीला कोण सोडणार? म्हणून दोन्हीकडं दोघी मिळून गेलो. एसटीत मला उलट्या व्हायच्या, तर ही खिडकीची जागा मला देऊन माझी पाठ चोळत बसायची. चिखलात उतरायची वेळ आली की आधी ती. हे सगळं सांगतेय, म्हणजे मुद्द्यावर यायचं मी टाळतेय, हे कळतंय मला.

बरं. माझ्या पिशव्या घरी आल्या. खडकाच्या वेगळ्या, खाडीच्या वेगळ्या, प्रत्येकीत जागेची एक चिठ्ठी. वास असा सुटला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परत येते, तर पिशव्या रिकाम्या आणि आई खुशीत.

"लई वास मारत हुता गं. धुऊन वाळवल्या. लांबड्या हिकडं, गोल तिकडं. आता तुला सोपं पडंल बघ."

तिचा सगळा जन्म कांड्या रंगवार लावण्यात गेलेला. मागाशेजारी सुताच्या कांड्या मिसळलेल्या दिसल्या की तिचा हात आपोआप चालतो. शिंपल्याही तिनं तशाच लावल्या. कुठली कुठून आली, हे आता देवालाच ठाऊक. तिला मी काय बोलणार? चहा केला होता तिनं माझ्यासाठी.

परत जाऊन नव्या आणता आल्या असत्या. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण पुन्हा ती एसटी, पुन्हा घरी परवानगी, पुन्हा सरांपुढं खाली मान घालून उभं राहणं. मी काय केलं? आईच्या लांबड्या ढिगावर चिठ्ठी लावली — खाडी. गोल ढिगावर — खडक.

कळलं ना काय केलं ते? जे शोधायचं होतं, तेच मी आधी चिठ्ठीवर लिहून टाकलं. मग मापं घेतली, आणि उत्तर कसं येणार होतं? छान आलं. पुस्तकापेक्षा छान.

सुनंदाचं मात्र गबाळं आलं. तिच्या खाडीतल्या पिशवीत लांबडी होती तशी गोलही होती, बरीच. सरांनी दोघींच्या शिंपल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. हिचं बघ, तुझं बघ, सुनंदाला म्हणाले. पिशव्या मिसळल्यास तू.

"न्हाय सर," ती म्हणाली. "खाडीतबी दगड हायत. त्या दगडांवरची गोलच हायत, सर."

दगड होते. मी पाहिले होते. तिच्या शेजारी गुडघाभर चिखलात मीच उभी होते ना! माझ्या खाडीतही तसेच दगड होते, त्यांवरही गोल कालवं होती. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या शिंपल्यांकडं पाहत राहिले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं विचारलं, "तुझ्या खाडीतबी गोल हुती की गं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

पुढं संशोधनाला सरांकडं एकच जागा होती. ती मला मिळाली. सुनंदाच्या आप्पांनी तिला सांगून ठेवलं होतं — जागा मिळाली तर शीक, नाहीतर घरी ये. ती घरी गेली. वर्षाच्या आत लग्न झालं. मी प्राध्यापक झाले. शिंपल्यांवरून माझं कौतुक झालं, तेव्हा पेढ्यांचा पहिला पुडा तिनंच आणला.

आता ती पिरनवाडीत असते, मुलांच्या शिकवण्या घेते. आमचं येणं-जाणं आहे. तिची लेक यंदा प्राणीशास्त्राला गेलीय, आणि गेल्या रविवारी सुनंदा तिला घेऊन माझ्याकडं आली. पोरीला नमुने गोळा करायला जायचंय, तर मावशी सगळं नीट समजावून सांगेल म्हणून.

"मावशीचं बघून शीक," सुनंदा लेकीला सांगत होती. "माझ्यासारखं गबाळं करू नगंस. मी पिशव्या मिसळल्या आणि हातचं घालवलं बघ. आधी मला वाटायचं मी न्हाय मिसळल्या. पण सर कशाला खोटं बोलतील? माझीच चूक हुती."

कसलीही कडवट छटा नव्हती बोलण्यात. चेष्टेनं, हसत हसत म्हणाली. इतकी वर्षं ते मनावर घेऊन, पुन्हा पुन्हा आठवून, शेवटी तिला स्वतःचंच खरं वाटेनासं झालं होतं. जे डोळ्यांनी पाहिलं, हातानं दगडावरून काढलं, ते. आणि ते तसंच होतं हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस — तिच्यासमोर बसून पोहे खात होतं.

पोरगी माझ्याकडं बघत होती. सुनंदाही.

मी म्हटलं, "होतं गं असं कुणाचंही." आणि पोरीला चिठ्ठी कशी बांधायची ते दाखवायला घेतलं.