आष्टीच्या बाजूचं पोस्टर

मच्छिंद्रचे वडील कारभारी मेंढरं राखायचे. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करायची असते. घरात ते काम मच्छिंद्रकडे होतं आणि त्याच्या हातची खूण अख्खा पावसाळा टिकायची, असं कारभारी सांगत. पुढे मेंढरं विकली, थोडी जमीन घेतली आणि मच्छिंद्र तीर्थपुरीत भिंती रंगवू लागला. सिमेंट, पाइप, शाळा, दवाखाने, जे येईल ते. फ्लेक्स आल्यावर भिंतींचं काम संपलं. बरोबरीचे पेंटर कुणी ऊसतोडीला गेले, कुणी अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर रोजंदारीला लागले. मच्छिंद्रने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि बसस्थानकासमोर दुकान टाकलं.

आमची बियाण्यांची कंपनी जालन्यात आहे. जाहिरातीची बिलं तपासणं आणि हंगामाआधी विक्रेत्यांकडचा साठा मोजणं ही दोन्ही कामं हिशेब विभागात माझ्याकडे असल्यामुळे मच्छिंद्रशी माझा कायमचा संबंध आला. घनसावंगी आणि परतूर या दोन तालुक्यांची पोस्टरं तो करत असे.

पहिल्या वर्षी त्याने इंटरनेटवरून एक शेतकरी उतरवून घेतला. मोठी पगडी, पिळदार मिशा, मागे गव्हाचं शेत. तीर्थपुरीतले आमचे विक्रेते बिभीषण यांनी ते पोस्टर दुकानात उघडलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"मच्छिंदर, हे सरदारजी आपल्याकडं कापूस येचायला आले का रे?"

दुकानातली माणसं हसली. मच्छिंद्रही हसला, पण दुसऱ्या वर्षी त्याने बाहेरचा फोटो वापरला नाही. बायकोला, सत्यशीलाला, शेतात उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढले. सुरुवातीला ती तयार नव्हती. गावोगाव भिंतीवर माझं तोंड लागलं तर लोक काय म्हणतील, असं तिचं म्हणणं. सासू वच्छलाबाईंनी तिची समजूत काढली ती अशी: "लोकं बियाण्याचा भाव बघत्यात, तुला कशाला बघत्यात?"

पण लोकांनी तिलाच पाहिलं. कारण पोस्टर कोणी पाहायचं आहे, हे तिला नवऱ्यापेक्षा लवकर कळायचं. आमच्या जाहिरात विभागातले ऋषी हे तरुण अधिकारी प्रत्येक गटासाठी वेगळं पोस्टर मागत. पुरुषांसाठी एक, बायकांसाठी एक, विक्रेत्यांसाठी एक. विक्रेत्यांचं सोपं होतं. त्यात माणूस लागत नाही, पिशव्या आणि बक्षिसाची योजना पुरते. बाकीच्या दोन्हींत सत्यशीला असे. एकात ती हिरव्या लुगड्यात तिफणीला हळदकुंकू वाहते आहे, हातात बियाण्याची पहिली मूठ. दुसऱ्यात डोक्याला फडकं गुंडाळून, वाकून सरकी लावते आहे. "गडी माणसाला बाई पूजा करताना आवडती," ती एकदा माझ्यासमोर मच्छिंद्रला म्हणाली होती, "आणि बाईला कंबर मोडून काम करणारीच पटती. दोघींना सारखं नटवू नका."

दोन-तीन हंगामांत ती त्या पट्ट्यात ओळखीची झाली. बाजारात बायका तिला थांबवायच्या. "तुम्हीच ना त्या बियाण्याच्या बाई?" ती म्हणायची, "बियाणं कंपनीचं, नवरा माझा. मी नुसती उभी राह्यले." विक्रेतेही पोस्टर मागताना कंपनीचं नाव घेत नसत. पूजेची बाई इतक्या, वाकलेली बाई इतक्या, असंच सांगत.

गेल्या दसऱ्याला सोयाबीनच्या नव्या वाणासाठी पूजेचा फोटो पुन्हा काढला. दिवाळीनंतर पोस्टर छापूनही आलं. आणि पौषात सत्यशीला गेली. कावीळ आधी कुणाच्या ध्यानात आली नाही. गावातल्या औषधावर काही दिवस काढले, संभाजीनगरला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

चैत्रात पोस्टरांचे गठ्ठे विक्रेत्यांकडे गेले आणि दुसऱ्याच दिवशी बिभीषण यांचा मला फोन आला. पोस्टर लावता येणार नाही, म्हणाले. मी साठ्याच्या कामाने तीर्थपुरीला गेलो तेव्हा मच्छिंद्र आणि वच्छलाबाई बिभीषण यांच्या दुकानातच बसले होते.

बिभीषण वाईट माणूस नाही. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "साहेब, पेरणीचं काम हाय. पहिल्या मुठीला लोकं किती बघत्यात, तुम्हाला म्हाईत हाय. आन् ह्या पोस्टरमंदी मूठ धरलीय ती बाईच न्हाई राहिली. गाव तिच्या मातीला आल्तं. आता त्याच गावाला मी म्हणू का, हे बघून बियाणं न्या?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "सवाष्ण गेली माझी सून. मळवट भरून गेली. अशा बाईच्या नावानं आपण जेवू घालतो. तिच्या हाताला काय वाईट हाय?"

"तुमचं बराबर हाय, काकू. पण गिऱ्हाईक तुम्हाला इचारून बियाणं नेतंय का? उद्या एखाद्याचं उगवलं न्हाई, तर तो वाणाला न्हाई, तिलाच नाव ठेवल. ते तुम्हाला चालल का?"

त्यावर वच्छलाबाई पदराने तोंड पुसत राहिल्या. मच्छिंद्र गठ्ठ्याची सुतळी बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. मला वाटलं होतं तो भांडेल. तो म्हणाला, "मी दुसरं करून देतो."

आठवड्याने तो जालन्याला ऑफिसात आला. लॅपटॉप उघडून ऋषींना नवं पोस्टर दाखवलं. फोटो तोच होता. शेत, तिफण, तिच्यावर ओलं हळदकुंकू. फक्त सत्यशीला नव्हती. ती उभी होती त्या जागी त्याने शेजारची काळी माती आणून भरली होती. इतकं सफाईदार काम की तिथे कुणी होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. पूजा झालेली, करणारं कोणी नाही.

ऋषींना सत्यशीलाचं माहीत होतं. ते हळू आवाजात बोलले. "छान झालंय. मध्ये थोडं रिकामं वाटतंय. तिथे आपली पिशवी मोठी घेऊ या का?"

मच्छिंद्रने तिथल्या तिथे पिशवी आणून ठेवली. मग म्हणाला, "सर, हे तीर्थपुरीकडं लावू. घनसावंगी तालुक्यात सगळीकडं. पण परतूर तालुक्यात, आष्टीच्या बाजूला कुणालाच म्हाईत न्हाई. तिकडं पहिलंच राहू द्या."

ऋषींनी माझ्याकडे पाहिलं. छापलेली पोस्टरं वाया जाणार नव्हती, म्हणजे माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "दोन भाग, दोन पोस्टरं."

ठरलं. एका बाजूला पिशवी, एका बाजूला सत्यशीला.

त्यानंतर मच्छिंद्र आष्टीला वरचेवर जाऊ लागला, हे मला तिथले विक्रेते देवानंद यांच्याकडून कळलं. पोस्टर चिकटवायला तो स्वतः गेला होता. दुकानाशेजारच्या भिंतीवर, बाजाराच्या रस्त्याला तोंड करून, घरून खळ शिजवून नेऊन लावलं होतं. पुढे बाजाराच्या दिवशी तो यायचा, समोरच्या हॉटेलात बसायचा आणि परत जायचा. देवानंद यांची समजूत अशी की कंपनीने त्याला कोण पोस्टर पाहतं याची नोंद घ्यायला पाठवलं आहे. मी ती दुरुस्त केली नाही.

वैशाखात मला आष्टीचा साठा मोजायचा होता. वाटेत तीर्थपुरीला मच्छिंद्र जीपमध्ये बसला. त्याच्याकडे नव्या पोस्टरांचा गठ्ठा होता, परतताना घनसावंगीला द्यायचा. मीच विचारलं, "आष्टीला एवढं काय असतं रे?"

"काय न्हाई. बसून राह्यलो, झालं. बाया येतात, तिच्याकडं बघतात, एखादी दुसरीला दाखवती. तिथं ती हाय, साहेब."

थोड्या वेळाने तो आपणहून म्हणाला, "दसऱ्याला फोटो काढला ना, तवा तिचे डोळे पिवळे दिसून राह्यल्ते. मला वाटलं, हळदीचा रंग पडला. न्हाई तर मोबाइल खराब झाला. मी कॉम्प्युटरवर बसून पिवळं सगळं काढलं. डोळे पांढरेशुभ्र केले. नखं पण. तिला दाखवलं, तर म्हणली, मी येवढी गोरी कधी झाले?"

जीप ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकली होती. तो बाहेर पाहत होता.

"दीड-दोन महिने आधी कळलं असतं, असं डॉक्टर म्हणले. मला तर दिसलं होतं. मी ते नीट करत बसलो." मग पुन्हा थांबून, "त्या पोस्टरमंदी ती बरी हाय. मीच केली बरी."

ट्रॅक्टर बाजूला झाला आणि जीप पुढे निघाली.

आष्टीला पोचलो तेव्हा देवानंद दुकानाच्या दारात उभे होते. मोकळा माणूस, बोलायची आवड. "या साहेब. अन् हे बघा आलेच आमचे मच्छिंदरभाऊ. अहो, आम्हाला वाटलं आता इकडंच घर बांधता." आत बसल्यावर त्यांनी सुपारी फोडली आणि मुद्द्यावर आले. "भाऊ, एक काम हाय. दरसाल नव्या बियाण्याची पूजा आमची मंडळी करती. औंदा तिला वरीसभर माहेरचा दुखवटा हाय. बाया म्हणून राह्यल्या, पोस्टरातल्या बाईलाच बोलवा की. तिच्या हातानं पहिली मूठ घेऊ, मंग घरी नेऊ. गाडी मी पाठवतो. वहिनीला घेऊन या."

मच्छिंद्र हसल्यासारखा झाला. "ती माहेरी हाय," म्हणाला.

"मंग आल्यावर या. पूजा चार दिवस पुढं ढकलू. जल्दी न्हाई आम्हाला. लुगडं-चोळी करतो, ओटी भरतो, बिलकुल काळजी करू नका."

दुकानात दोन बायका पिशव्या पाहत होत्या. त्यातली म्हातारी वळून म्हणाली, "आण बाबा तिला. लई गुणाचं तोंड हाय तिचं. माझ्या सुनेनं तिला बघून हिरवं लुगडं घेतलं."

मच्छिंद्रच्या हातातली सुपारी तशीच होती. मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. सांगितलं नसतं तर पूजा पुढे ढकलली गेली असती, आणखी एखादं कारण निघालं असतं, हंगाम उलटून गेला असता आणि पोस्टर भिंतीवर राहिलं असतं. एवढंच करायचं होतं.

"ओटी भरू नका," तो म्हणाला. "ती न्हाई आता. पौषात गेली."

म्हातारीने हातातली पिशवी खाली ठेवली. देवानंद काही वेळ अडकित्ता उघडून-मिटून पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "आधी सांगायचं, भाऊ."

"सांगितलं असतं, तर काढलं असतं तुम्ही."

"काढलंच असतं. माझं काय न्हाई हो. पण ह्या बाया..."

"मीच काढतो," मच्छिंद्र म्हणाला.

त्याने बादलीभर पाणी मागून घेतलं आणि पोस्टर भिजवलं. पण घरची खळ होती आणि भिंत खडबडीत. कडा सुटून आल्या, लुगड्याचा काठ सुटला, तिफण सुटली. तोंड आणि हात निघेनात. त्याने नखाने उचलून पाहिलं, तर कागद फाटून पांढरा निघू लागला. तेव्हा तो थांबला. रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती आणि देवानंद त्यांना हाताने पुढे जायला सांगत होते.

मच्छिंद्र जीपपाशी गेला. घनसावंगीच्या गठ्ठ्यातून पिशवीचं एक पोस्टर काढलं. देवानंद यांच्याकडून डिंक घेतला. वरच्या दोन कोपऱ्यांना बोटाने दाबून ते जुन्यावरच बसवलं, आणि हवा राहू नये म्हणून मधून कडेकडे तळहात फिरवत नेला. पिशवीवरून त्याने तो पुन्हा एकदा फिरवला. मग हात धुतले आणि आम्ही साठा मोजायला आत गेलो.